बंदीच्या कायद्याखालची विक्री

चौकातल्या वाइन शॉपमध्ये काउंटरच्या मागे भिंतीवर लावलेला परवाना कधी नीट वाचून पाहा. दारू विकण्याची ती परवानगी ज्या कायद्याखाली मिळालेली असते, त्याचे नाव आहे महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९. मुंबईत दारूची जेवढी म्हणून अधिकृत विक्री होते, बाटलीने असो वा पेल्याने, ती बंदीच्या या कायद्यातला अपवाद म्हणून होते. कायदा आधी सांगतो की दारू बनवू नका, बाळगू नका, विकू नका, पिऊ नका. मग परवाना, पास आणि परमिट यांच्या रूपाने तो एकेक सूट देत जातो. घराजवळ बार उघडला म्हणून चिडलेले रहिवासी, महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात घातलेले हेलपाटे आणि 'हे आमच्याकडे येत नाही' हे तिथले उत्तर, या सगळ्याचे मूळ या रचनेत आहे. ती समजली तर निदान कुठल्या दारावर थाप मारायची एवढे तरी कळते.

मुंबईत दारूवर सरकारचा अंमल जुना आहे. ताडी काढणारे भंडारी आणि त्यांच्या माडांवरचा कर हे इंग्रजी अमलातले ठरलेले उत्पन्न होते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने हा सगळा व्यवहार एका चौकटीत आणला आणि त्या चौकटीचा हेतू कर गोळा करणे हाच होता. १ ऑगस्ट १९३९ रोजी बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी लागू केली, तेव्हा हेतू उलटा झाला. डॉ. गिल्डर हे त्या मोहिमेचे खंदे पुरस्कर्ते मंत्री. पण महायुद्ध सुरू होताच काँग्रेसची मंत्रिमंडळे पायउतार झाली आणि तो प्रयोग अर्ध्यावर राहिला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा कायदा आला आणि ६ एप्रिल १९५० पासून साऱ्या मुंबई राज्यात संपूर्ण बंदी झाली. या कायद्याला आव्हान मिळाले. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने बंदीतून सोडवली, बाकी कायदा मात्र बहुतांशी उभा ठेवला.

पुढची दहा-पंधरा वर्षे मुंबईने काय पाहिले हे जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. खाडीच्या कडेला, झोपडपट्ट्यांच्या आत हातभट्ट्या पेटल्या. घराघरांत 'आंटीचे अड्डे' चालू झाले. वरदराजन मुदलियारसारख्या गुंडांची सत्ता याच चोरट्या दारूवर उभी राहिली. अखेर १९६० च्या दशकात, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, बंदी सैल करण्यात आली. पण कायदा रद्द झाला नाही. त्याच कायद्यात सवलतींची भर पडत गेली आणि आजची सगळी यंत्रणा त्या सवलतींवर चालते. माझ्या मते हाच या विषयाचा गाभा आहे. विक्रीवर नीट नियंत्रण ठेवण्यासाठी स्वतंत्रपणे विचार करून केलेला कायदा आपल्याकडे कधी झालाच नाही.

सवलतींचे हे स्वरूप पिणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर जास्त स्पष्ट दिसते. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी पिणाऱ्याकडेही परमिट लागते. वर्षाचे मिळते, आजन्म मिळते आणि एक दिवसाचेही मिळते. विदेशी मद्यासाठी एक दिवसाच्या परमिटाची किंमत बरीच वर्षे ५ रुपये राहिली आहे, देशीसाठी २ रुपये. वयाची अट बिअर आणि वाइनसाठी २१, तर व्हिस्की, रमसारख्या कडक मद्यासाठी २५. हे परमिट गिऱ्हाइकाचे वय तपासण्याचे उत्तम साधन ठरू शकले असते. प्रत्यक्षात एक दिवसाच्या परमिटांची पुस्तकेच दुकानदार आणि बारमालक घेऊन ठेवतात, हिशेब जुळवण्यापुरती नावे भरली जातात आणि बाटली घेणाऱ्याला परमिटाचा पत्ताही नसतो. वयाची पडताळणी तिथेच बुडते. ती बुडाल्याचे परिणाम काय होतात ते पुढे येईलच.

आता हे सगळे सांभाळतो कोण? राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मादक पेये हा विषय राज्यांच्या यादीत आहे आणि त्यावरचा अबकारी करही राज्यांकडेच आहे. त्यामुळे मुंबईत दारूचा परवाना देण्या-काढण्याचा अधिकार महापालिकेकडे नाही. तो राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे आहे. विभागाचे आयुक्त सर्वांत वर. त्यांच्याखाली विभागीय उपायुक्त, जिल्ह्याचे अधीक्षक, मग निरीक्षक, दुय्यम निरीक्षक आणि जवान. परवान्याच्या कागदावर सही जिल्हाधिकाऱ्यांची असते. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे असल्याने दादरच्या बारची फाइल एका जिल्हाधिकाऱ्यांकडे, तर वांद्र्याच्या बारची दुसऱ्यांकडे जाते.

महापालिका यात येते ती उपाहारगृहाचा आरोग्य परवाना, बांधकामाची वैधता आणि अग्निशमन यांपुरती. अन्नसुरक्षा कायद्यात मद्यही अन्नातच मोडते, म्हणून अन्न व औषध प्रशासनाची नोंदही लागते. पोलिसांकडे रस्त्यावरची शांतता आणि ऑर्केस्ट्रा बारच्या कार्यक्रमाचा परवाना, वाहतूक पोलिसांकडे दारू पिऊन गाडी चालवणारे. म्हणजे एका परमिट रूमवर किमान पाच कार्यालयांची नजर असते. नजर पाच ठिकाणांहून असली तरी जबाबदारीही पाच ठिकाणी वाटली जाते, आणि काही बिघडल्यावर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो.

परवान्यांचे प्रकार रहिवाशांनी ओळखायला शिकले पाहिजेत. एफएल-२ म्हणजे बाटलीबंद विदेशी मद्याचे दुकान, ज्याला आपण वाइन शॉप म्हणतो. एफएल-३ म्हणजे बसून प्यायची परमिट रूम. सीएल-३ म्हणजे देशी दारूचे दुकान. एफएल/बीआर-२ म्हणजे बिअर शॉपी. प्रत्येकाच्या वेळा, शुल्क आणि अटी वेगळ्या असतात. परवान्याचे वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपते आणि दरवर्षी नूतनीकरण करावे लागते.

यात एफएल-२ ची गोष्ट न्यारी आहे. १९७० च्या दशकापासून राज्यात या प्रकारचे नवे परवाने देणे जवळपास थांबलेले आहे. तरी नव्या वस्त्यांमध्ये, नव्या टॉवरच्या तळमजल्यावर वाइन शॉप उघडताना दिसते. ते येते कुठून? जुना परवाना स्थलांतरित होऊन येतो. जिथे धंदा मंदावला तिथला परवाना जिथे वस्ती वाढली तिथे हलतो, आणि हलण्याआधी अनेकदा भागीदारी बदलून दुसऱ्याच्या हाती गेलेला असतो. संख्या गोठवल्यामुळे एकेका परवान्याला बाजारात प्रचंड किंमत आली. दारूची दुकाने वाढू नयेत म्हणून घेतलेल्या निर्णयाने मूठभर जुन्या परवानाधारकांच्या हाती मक्तेदारी दिली. रहिवाशाच्या दृष्टीने मात्र महत्त्वाची गोष्ट ही की स्थलांतरालाही जागेची तपासणी आणि मंजुरी लागते. हरकत घ्यायची वेळ तीच.

जागेच्या तपासणीत सगळ्यात जास्त वाद होतात ते अंतरावरून. शाळा-कॉलेज, धार्मिक स्थळ किंवा एसटीचे स्थानक यांपासून ७५ मीटरच्या आत परमिट रूमला मनाई आहे. हे अंतर नकाशावर सरळ रेषेत मोजत नाहीत. माणूस ज्या वाटेने साधारणपणे चालत जातो, त्या वाटेने, बारच्या दरवाज्याच्या मध्यापासून संस्थेच्या सर्वांत जवळच्या फाटकाच्या मध्यापर्यंत फीत धरतात. शाळेला कुंपणाची भिंत असेल तर फाटक धरायचे, नसेल तर इमारतीचे दार. त्यामुळे बारचा दरवाजा इमारतीच्या पुढून मागच्या गल्लीत नेला की मोजमाप बदलते. मधे दुभाजक असेल तर चालण्याची वाट लांबते आणि समोरासमोर दिसणारी शाळा नियमाच्या हिशेबात दूर जाते. निरीक्षक जागेवर येतो, मोजणी करतो, नकाशा काढतो, पंचनामा करतो. त्या नकाशात कुठले फाटक दाखवले आहे, बंद असलेले की वापरातले, यावर निकाल फिरू शकतो. मोजणीच्या वेळी शाळेच्या व्यवस्थापनाचे किंवा सोसायटीचे कोणी हजर असेल तर त्याने नक्की फरक पडतो.

अंतराचाच प्रश्न २०१६-१७ मध्ये देशभर गाजला. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री बंद करण्याचा आदेश दिला. २०,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी पुढे हे अंतर २२० मीटर झाले. १ एप्रिल २०१७ ला मुंबईत पूर्व आणि पश्चिम द्रुतगती मार्गांच्या कडेच्या अनेक बारना कुलपे लागली. मग ११ जुलै २०१७ रोजी न्यायालयाने खुलासा केला की महापालिकांच्या हद्दीतल्या परवान्यांना हा आदेश आड येत नाही, आणि शहरांतली दुकाने हळूहळू पुन्हा उघडली. रस्त्यावरच्या अपघातांसाठी काढलेला आदेश शहराच्या वेशीवर थांबला.

शहराच्या आतल्या अपघातांचे काय, हे ७ जुलै २०२४ च्या पहाटे वरळीत दिसले. मासळी घेऊन स्कूटरवरून घरी परतणाऱ्या कोळीवाड्यातल्या दांपत्याला भरधाव मोटारीने उडवले, पत्नीचा जीव गेला. आरोपी तरुण आदल्या रात्री मित्रांबरोबर जुहूच्या एका बारमध्ये बसला होता. त्याचे वय २५ च्या आत होते आणि त्याला कडक मद्य दिले गेल्याचे उत्पादन शुल्क विभागाच्या तपासात पुढे आले. बारला सील लागले. दुसऱ्याच दिवशी महापालिकेचे पथक आले आणि त्याच बारचे बेकायदा वाढीव बांधकाम पाडले. हा क्रम मला फार अस्वस्थ करतो. वयाचा नियम आधीपासून होता. बांधकामही रातोरात वाढलेले नव्हते. दोन्ही कार्यालयांकडे वर्षभर तपासणीचे अधिकार होते आणि ते वापरले गेले एका बाईचा जीव गेल्यानंतर. त्याच वर्षी मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, तेव्हाही पबना सील लागण्याचा क्रम असाच होता.

तपासणीत काय पाहायचे हे ठरलेले आहे. रोजची आवक-जावक नोंदवही आणि कपाटातला साठा जुळतो का, बाटल्या महाराष्ट्रात विक्रीसाठीच्या आहेत की 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' असा छाप असलेल्या, वेळेनंतर विक्री होते का, गिऱ्हाइकांची वये काय. वाइन शॉपने रात्री साडेदहाला शटर खाली ओढायचे, पोलिस आयुक्तालयाच्या हद्दीत परमिट रूमने दीड वाजता. गोव्याहून करचुकवी दारू येऊ नये म्हणून सावंतवाडीजवळ इन्सुलीला तपासणी नाका आहे, भरारी पथकेही फिरतात. अटी मोडल्या तर जिल्हाधिकारी परवाना निलंबित किंवा रद्द करू शकतात. त्यावर आयुक्तांकडे अपील आणि पुढे शासनाकडे दाद मागता येते. सील लागलेला बार काही आठवड्यांत पुन्हा सुरू झालेला दिसतो तो बहुधा याच वाटेने. दारूचा व्यापार हा कोणाचा मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये खोडे डिस्टिलरीज प्रकरणात स्पष्ट केले आहे. सरकारने मनावर घेतले तर कायद्याचे पाठबळ कमी नाही.

मनावर घेण्यात अडचण आहे ती पैशाची. दारूपासून महाराष्ट्राला वर्षाला २० हजार कोटी रुपयांहून अधिक महसूल मिळतो. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचे शुल्क निर्मिती खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केले आणि त्यातून १४ हजार कोटींची आणखी वाढ अपेक्षिली. जो विभाग हा महसूल गोळा करतो, त्याच विभागाने विक्रीला लगाम घालायचा आहे. वर्षअखेरीला अधिकाऱ्याचे काम मोजताना वसुलीचा आकडा पुढे असतो. २५ वर्षांच्या आतल्या किती जणांना दारू मिळू दिली नाही, हे मोजायला रकानाच नाही. कर गोळा करणारा हात आणि परवाना तपासणारा हात वेगळे झाल्याशिवाय हे बदलणार नाही, असे मला ठामपणे वाटते.

आणि परवान्याच्या बाहेर जे आहे त्याची किंमत सगळ्यात गरीब माणूस मोजतो. डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत विषारी दारूने ८० हून अधिक माणसे मेली. जून २०१५ मध्ये मालाड-मालवणीत १०० हून अधिक. दोन्ही वेळा मरणारे हातावर पोट असलेले होते. मारणारे रसायन मिथेनॉल. कारखान्यात विद्रावक म्हणून लागणारा हा पदार्थ वासाला, चवीला साध्या मद्यार्कासारखाच असतो आणि स्वस्त असतो. यकृतात त्याचे फॉर्मिक आम्ल होते. पहिले काही तास माणूस नुसता झिंगलेला वाटतो. मग पोटात कळा, डोळ्यांपुढे धुके, दृष्टी जाणे आणि मृत्यू. वेळेत डायलिसिस आणि उतारा मिळाला तर जीव वाचतो, पण दारू चढली असेल म्हणून झोपवून ठेवलेला माणूस तोवर हाताबाहेर गेलेला असतो. मालवणी प्रकरणात २०२४ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी, सत्र न्यायालयाने १४ पैकी ४ आरोपींना दोषी ठरवले, बाकीचे सुटले. मिथेनॉलचा टँकर कारखान्यात पोहोचेपर्यंत त्यावर नजर कोणाची, यावरही कार्यालयांची वाटणी आहेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने औद्योगिक मद्यार्कावर कायदे करण्याचा अधिकार राज्यांचा असल्याचा निकाल दिला. त्यामुळे कारखान्यातून गुत्त्यात वळणाऱ्या मद्यार्काबद्दल 'हे केंद्राचे काम' असे म्हणायला राज्याला आता जागा नाही.

नागरिकांच्या हाती कायद्याने दिलेले एक हत्यार आहे, आणि त्याची ओळख महाराष्ट्राला 'उभी बाटली, आडवी बाटली' या नावाने आहे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी, किंवा एकूण मतदारांपैकी २५ टक्क्यांनी, सहीनिशी मागणी केली तर सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. दुकान बंद करायचे तर आडव्या बाटलीवर शिक्का. २००८ च्या आदेशाने ही पद्धत आज आहे त्या रूपात आली. खेड्यापाड्यांतल्या बायकांनी तिचा उपयोग करून अनेक दुकाने बंद पाडली आहेत.

मुंबईत मात्र हे हत्यार चालत नाही, आणि त्याचे कारण साध्या गणितात आहे. समजा एका वॉर्डात २०,००० महिला मतदार आहेत. सह्या हव्यात ५,०००. मग बंदीच्या बाजूने मते हवीत १०,००० हून जास्त, कारण अर्धी मते धरायची ती झालेल्या मतदानातली नाहीत, यादीतल्या सगळ्या नावांपैकी. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत एकूण मतदानच ५५ टक्क्यांच्या आसपास झाले होते. म्हणजे सुट्टी, प्रचार, गाड्या असा सगळा जामानिमा असताना जेवढ्या बायका बाहेर पडतात, त्यातल्या जवळपास प्रत्येकीने आडव्या बाटलीवर शिक्का मारला तरच दुकान बंद होणार. यादीत मेलेली, गाव सोडून गेलेली नावेही असतात आणि त्यांची गणना दुकानाच्या बाजूने होते. गावाच्या मापाने बेतलेली अट महानगराला लावली गेली. ती झालेल्या मतदानाच्या प्रमाणात आणली पाहिजे.

एक बदल मात्र झाला आहे आणि तो उपयोगाचा आहे. मार्च २०२५ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत जाहीर केले की गृहनिर्माण सोसायटीच्या व्यापारी गाळ्यात नवे बिअर शॉप किंवा दारूचे दुकान उघडायचे तर सोसायटीचे ना-हरकत प्रमाणपत्र लागेल. सोसायट्यांनी ते गांभीर्याने घ्यायला हवे. असे प्रमाणपत्र सर्वसाधारण सभेत चर्चा करूनच द्यावे, समितीतल्या दोघा-तिघांच्या सहीने नाही.

तुमच्या इमारतीच्या गाळ्यात दारूच्या दुकानाची तयारी दिसू लागली तर नगरसेवकाच्या कार्यालयात वेळ घालवू नका. जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा. परवाना कोणत्या प्रकारचा, नवा की स्थलांतरित, स्थलांतरित असेल तर कुठून, जागेची मोजणी कोणत्या तारखेला झाली, नकाशात कोणते दरवाजे धरले, सोसायटीची संमती कोणी दिली, एवढे विचारा. उत्तर टाळले गेले तर माहितीच्या अधिकारात तीच कागदपत्रे मागा. अर्जाची पोच घ्या आणि हे सगळे दुकानाचे शटर उघडण्याआधी करा. परवाना मंजूर झाल्यावर तो रद्द करवून घ्यायला वर्षे जातात.